एमआरआयमध्ये ‘बल्ज’ आला म्हणून अंथरूण धरू नका

वाचकाचे पत्र:

‘माझं वय ४७. क्लॉथ मार्केटात एका पेढीवर हिशेबाचं काम करतो, दिवसभर गादीवर मांडी घालून. राहायला राजेंद्रनगरला, जाणं-येणं स्कूटरने. मार्चअखेरीला रोज दहा-अकरा तास बसणं झालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भल्या सकाळी नळाला नर्मदेचं पाणी आलं म्हणून उठलो, बादली उचलली आणि कंबरेत अशी चमक आली की सरळ होता येईना. तीन आठवडे झाले. दुखणं डावीकडे, कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत उतरतं. बसलं की वाढतं, चार पावलं चाललं की बरं वाटतं. एमआरआयमध्ये “एल-४ एल-५ डिस्क बल्ज, एल-५ एस-१ डिसिकेशन” आलंय. तेव्हापासून झोपून आहे, पट्टा लावतो, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतो. बीपीची गोळी रोजची चालू आहे. आत्या म्हणते, पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची लाथ घे. मित्र म्हणतो, ऑपरेशनशिवाय मणक्यातला गॅप भरत नाही. काय करू?’
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

बसलं की वाढतं आणि चाललं की बरं वाटतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. आमच्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच. एमआरआयचा कागद तूर्त बाजूला ठेवा.

आधी धोक्याच्या खुणा पाहून घेऊ, कारण त्या असतील तर पुढचं काहीच लागू नाही. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी होणे, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दबल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यात तासांचा हिशेब असतो. रात्री दोन वाजले असले तरी एम. वाय. किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं. दुसरी मंडळी सावकाश येणारी: संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, कुशी बदलूनही रात्री न थांबणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, त्यामुळे ताप आणि कंबरदुखी एकत्र असेल तर मालिश करत बसू नये. पूर्वी कर्करोग झालेला असणं, बरेच महिने स्टिरॉइड घेतलेलं असणं, म्हातारपणी पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांनाही आधी डॉक्टर. आणि तुमच्या घरात कुणा विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखून झोप मोडत असेल, सकाळी अर्धा तास आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर ती संधिवाताच्या जातीची असू शकते. त्याला हाड बसवणाऱ्याकडे नव्हे, संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा.

आता तुमची तपासणी, घरच्या घरी. अनवाणी उभे राहा आणि चवडे उचलून फक्त टाचांवर दहा पावलं चाला. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा उचला. नंतर दुसऱ्या पायाने. दोन्ही पायांना सारखं जमलं तर नसांचं काम ठीक चाललं आहे. डावा चवडा टिकत नसेल, सारखा खाली पडत असेल, तर कंबरेतून पायात जाणाऱ्या एल-५ या नसेची शंका. डावी टाच दोन-चार वेळाच उचलता आली तर तिच्या खालच्या एस-१ नसेची. असं काही आढळलं तर दोन दिवसांत डॉक्टर गाठा. मुंग्या किंवा पोटरीच्या खाली उतरणारी कळ नंतर सुरू झाली तर हीच परीक्षा पुन्हा करा.

हे सगळं साफ असेल (पत्रावरून तसंच दिसतं) तर तुमची कंबरदुखी त्या मोठ्या गटातली आहे, जिच्यात कुठलाही गंभीर आजार नसतो. कंबरदुखीचे दहातले नऊ रुग्ण याच गटात येतात आणि बहुतेकांचं दुखणं सहा आठवड्यांत पुष्कळ उतरतं. तुमचे तीन झाले आहेत.

मग एमआरआयचं काय? ‘डिस्क बल्ज’ म्हणजे दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली असणं. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होता, पन्नाशीच्या ६० टक्क्यांत, ऐंशीच्या ८४ टक्क्यांत. यातल्या कुणालाही तक्रार नव्हती. म्हणजे तुमच्या वयाच्या दोन निरोगी माणसांना आज यंत्रात घातलं तर त्यातल्या एकाच्या रिपोर्टात साधारण तुमचीच ओळ येईल. ‘डिसिकेशन’ म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं. वय वाढेल तसं ते सगळ्यांचंच होतं. मित्र ज्याला गॅप म्हणतो ते बहुधा चकतीची उंची कमी झालेली असणं, आणि चकतीच्या नेहमीच्या ऑपरेशनात तिथे काही भरत नाहीत. नसेवर टेकलेला चकतीचा तुकडा काढतात. तुमच्या वर्णनात नस दबल्याची खूणच नाही, मग काढायचं काय? जिथे नस खरोखर दबलेली असते तिथेही चकतीचा बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीर आपणहून जिरवतं.

खरं कारण तुमच्या दिनक्रमात आहे. मांडी घालून पोक काढून बसलं की कंबरेची नैसर्गिक आतली कमान नाहीशी होते आणि मणक्यामागचे बंध ताणलेले राहतात. तासाभराने ते सैलावतात, आणि त्यांना सावरणारे स्नायूही उशिरा जागे होऊ लागतात. मार्चअखेरीला बसणं दहा-अकरा तासांवर गेलं, तेही रोज. त्यात सकाळची बादली. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात (म्हणूनच सकाळी माणूस एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो) आणि फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यानंतरचा पहिला तास त्यामुळे वाकायला सगळ्यात वाईट. नेमकं तेव्हाच नर्मदेचं पाणी येतं!

वजनाचं गणितही मांडून पाहा. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो. ती शरीरापासून ५० सेंटीमीटर पुढे धरून उचलली, तर मणक्याला मागून खेचून धरणारे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर आहेत. त्यांना दहापट, म्हणजे २०० किलोचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन आणखी वेगळं. तीच बादली पायांच्या मधोमध, अंगालगत धरली की हा भार निम्म्याहून खाली येतो.

आणि त्यानंतर हे अंथरूण. दुखण्याइतकंच हे आम्हाला काळजीचं वाटतं. एक-दोन दिवसांपलीकडची सक्तीची विश्रांती कंबरेला मदत करत नाही, हे १९८० च्या दशकापासून तपासून पाहिलेलं आहे. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिचं पोषण हालचालीतून झिरपून होतं. आणि मणक्यालगतचे बारीक स्नायू पडून राहिले की झपाट्याने कमजोर होतात.

तर आजपासून उठा, पण नीट उठा. पाठीवरून थेट उठून बसू नका. आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाबाहेर सोडा आणि त्याच वेळी हाताने गादी दाबत वर या. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली. फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याची शिक्षा करून घेऊ नका. मध्यम घट्ट गादी ही अगदी कडक गादीपेक्षा बरी ठरते, हे स्पेनमधल्या चाचणीत २००३ सालीच दिसलं. गरम पाण्याच्या पिशवीने १५-२० मिनिटं, दिवसातून तीन वेळा शेका; मध्ये टॉवेल असू द्या. ज्यांना मधुमेहाने बधिरपणा आहे त्यांनी पिशवीची ऊब दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

गोळ्यांबद्दल मात्र कडक बोलावं लागेल. दुकानदार ‘कंबरेची’ म्हणून देतो त्या पाकिटात सहसा ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक, जोडीला पॅरासिटामोल आणि स्नायू सैल करणारं एक औषध असतं. यातली पहिली जात रक्तदाब वाढवते, जठराला जखम करू शकते आणि बीपीच्या कित्येक गोळ्यांच्या जोडीला मूत्रपिंडावर ताण आणते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर जास्तच. तीन आठवडे सलग या गोळ्या घेतल्या असतील तर थांबा, बीपी मोजा आणि डॉक्टरांना सांगून क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची चाचणी) तपासा. पुन्हा लागल्याच तर त्यांच्या सल्ल्याने, जेवणानंतर, पाच-सात दिवस. डायक्लोफिनॅकचा मलम रक्तात फार कमी जातो, तो तुम्हाला तुलनेने सोयीचा. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने गुंगी येते, ते घेऊन स्कूटर चालवू नये. नसांची म्हणून प्रिगॅबालिन मिळालं असेल तर, पायात जाणाऱ्या कळेवर २०१७ च्या एका चाचणीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तरी डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ते आपल्या मनाने एकदम तोडू नका, विचारून कमी करा.

व्यायाम दोन टप्प्यांत. पहिल्या आठवड्यात एकच, पण दिवसातून चार वेळा. पालथे झोपा, दोन मिनिटं नुसते पडा. मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली ठेवून हातांच्या जोरावर छाती वर न्या आणि खाली आणा, दहा वेळा. ओटीपोट जमिनीलाच राहतं, पाठ आणि कुल्ले पूर्ण ढिले. चूक इथेच होते: भुजंगासनाची सवय असलेली मंडळी पाठीच्या जोरावर उठतात. इथे पाठीने काम करायचं नाही, ओझं हातांनी वाहायचं. लक्ष ठेवायचं ते दुखण्याच्या जागेवर. मांडीतली कळ वर सरकून कंबरेत गोळा होऊ लागली तर काम बरोबर चाललं आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ गुडघ्याखाली उतरू लागली तर लगेच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. (घरातल्या वडीलधाऱ्यांना हा व्यायाम परस्पर शिकवू नका. चाललं की पाय भरून येतात आणि बसलं, पुढे वाकलं की बरं वाटतं, अशांची गोष्ट बरोबर उलटी असते. त्यांना मागे वाकण्याने त्रास वाढतो.)

आठवड्याभराने हे तीन जोडा. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कुल्ले आवळून उचलायचे, दहा सेकंद धरायचे, आठ वेळा. मांडीच्या मागे पेटका आला तर पाय अंगाजवळ घ्या, कारण मग कुल्ल्यांऐवजी मांडी काम करत असते. दुसरा, रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर, दहा सेकंद, मग उलट. प्रत्येकी सहा. माकडहाडाच्या वरती प्लास्टिकची रिकामी वाटी ठेवून बघा. ती घसरली म्हणजे कंबर फिरते आहे, पाय कमी उचला. तिसरा, कुशीवर कोपर आणि दुमडलेल्या गुडघ्यांवर अंग तोलून कंबर उचलणे, दहा सेकंद, दोन्ही बाजूंना पाच-पाच. श्वास रोखायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, सिट-अप्स आणि कॉलनीतल्या योगवर्गातले बारा सूर्यनमस्कार सहा आठवडे बंद. सकाळी उठल्या उठल्या यातलं काहीच नको. तासभर घरात फिरा, चहा-पोहे होऊ द्या, मग.

चालणं याहून सोपं आणि पुढच्या काळासाठी याहून महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस ३० मिनिटं चालायचं ठेवलं, तेव्हा पुढचा झटका येईपर्यंत निम्म्या लोकांना किमान २०८ दिवस मिळाले. न चालणाऱ्या गटात ११२. तुम्ही दहा मिनिटं, दोनदा, इथून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. एप्रिल-मेचं ऊन टाळून.

आता गादी. पेढी सोडा असं आम्ही सांगणार नाही, आणि खुर्ची आली म्हणजे कंबर सुटली असंही नाही. मांडी घातल्यावर गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहतात, ही गादीची खरी अडचण. तेव्हा घट्ट घडी केलेली सतरंजी किंवा घोंगडी फक्त कुल्ल्यांखाली घ्या, दाबल्यावर १० ते १२ सेंटीमीटर उरेल इतकी. पाय मूळ गादीवरच. गुडघे कुल्ल्यांच्या पातळीला किंवा खाली आले की कमान आपोआप परत येते, पाठ ताठ करायला जोर लागत नाही. मऊ फोमची उशी इथे कुचकामी, पाच मिनिटांत बसते. लोड भिंतीला भिडवा आणि स्वतः मागे सरकून तो कंबरेला लागेल असे बसा. बहुतेक लोक लोडाला खांदे टेकवतात आणि कंबर अधांतरी ठेवतात, त्यापेक्षा लोड नसलेला बरा. वही कोपराच्या उंचीला हवी, म्हणजे उंची वाढल्यावर मेजाखालीही विटा किंवा ठोकळे लागतील. लॅपटॉपवर हिशेब असेल तर तो खोक्यावर चढवा आणि वेगळा कीबोर्ड घ्या; पाचशे-सातशे रुपयांत काम होतं. मागच्या खिशातलं पाकीट काढून गल्ल्यात ठेवा.

कितीही छान बसलात तरी अर्ध्या तासावर नाही. मोबाइलवर घंटा लावा. उठताना आधी गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे टेका, मेजाला हात लावून उभे राहा. कंबरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे वाका, फोनवरचं बोलणं उभ्याने करा, कापडाचं थान दाखवायला स्वतः जा. दोन मिनिटं पुरतात.

बादलीचं उत्तर पाइप. नळापासून टाकीपर्यंत पाइप लावला तर प्रश्नच मिटला. नाहीच जमलं तर बादली चौरंगावर ठेवून भरा, अर्धीच भरा, दोन्ही हातांत एकेक घ्या, आणि वळताना कंबर न पिळता पावलं वळवा. निदान दोन महिने पहाटेचं पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरावं.

स्कूटरसाठी थोडकंच. दर आठवड्याला टायरची हवा बघा, मागचा शॉकअप बसला असेल तर बदला, गतिरोधकावर वेग अगदी कमी करा. मधल्या स्टँडवर गाडी ओढून चढवू नका. शंभर किलोहून जड असते ती. स्टँडवर पूर्ण वजनाने पाय द्या, गाडी आपोआप चढते, किंवा बाजूचं स्टँड लावा.

पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं)? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन्हींची शिफारस केलेली नाही. पट्टा तुमच्या स्नायूंचं काम करतो, म्हणजे ते आणखी आळसावतात. आठवड्याभरात उतरवा; स्कूटरवर लावलात तर आम्ही भांडणार नाही. हाड बसवणाऱ्याकडे झटका मारून घेणं मात्र नको. आत्यांचं मन मोडायचं नसेल तर पायाळू माणसाने पाऊल नुसतं टेकवावं, लाथ नाही. उसण चार-आठ दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय पायाला मिळतं, हा त्यातला हिशेब.

तंबाखू किंवा गुटखा असेल तर हीच वेळ. निकोटिन चकतीचं आधीच तोकडं पोषण आणखी तोडतं.

पेढीवर पुढच्या सोमवारपासून जा, पूर्ण दुखणं थांबायची वाट न पाहता. पहिला आठवडा चार तास, दुसरा सहा, तिसऱ्यापासून पूर्ण वेळ. मालकांना हे आधीच सांगा. एखाद्या दिवशी दुखणं वाढलं तर त्या दिवशीचे तास एका टप्प्याने कमी करा, चालणं आणि पालथा व्यायाम चालू ठेवा. आजपासून तीन आठवड्यांनी, म्हणजे एकूण सहा आठवडे उलटल्यावर, मांडीतली कळ जशीच्या तशी असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा. जो फिल्म उजेडात धरण्याआधी तुम्हाला टेबलावर झोपवून पाय सरळ उचलून पाहील आणि गुडघ्याखाली हातोडी मारून बघेल, त्याच्याकडे जा.